भरल्या गाडीवर शिकायचं

गेल्या महिन्यात संगमनेरहून भाच्याचा फोन आला. वय एकवीस, बारावी झालेला, हातात चारचाकीचं दोन वर्षांचं लायसन. म्हणाला, "मामा, एक जण ब्रिटनमध्ये ट्रक ड्रायव्हरचं काम लावून देतोय. व्हिसा, तिकीट, ट्रेनिंग सगळं धरून आठ लाख. पप्पा म्हणतायत, अर्धा एकर काढू. तुम्ही तिथं हेच काम करता, म्हणून म्हटलं आधी तुम्हाला विचारावं."

मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं, एक रुपयाही देऊ नकोस. ब्रिटनच्या कुशल कामगारांच्या व्हिसात लॉरी ड्रायव्हरचा व्यवसाय बसतच नाही. २०२१ च्या शेवटी इथे ड्रायव्हरांची इतकी टंचाई झाली की पेट्रोलपंप कोरडे पडले, तेव्हा सरकारने परदेशी ड्रायव्हरांसाठी ५,००० तात्पुरते व्हिसे काढले होते. तेही काही महिन्यांपुरते. ती खिडकी कधीच बंद झाली. मी इथे आलो तो बायकोच्या व्हिसावर. ती नर्स आहे, तिच्यामुळे मला काम करायची परवानगी मिळाली आणि लॉरी मी इथे येऊन शिकलो. आपलं लायसन इथे बदलून मिळत नाही. पहिल्या वर्षी त्यावर कार चालवता येते, पुढे कारची परीक्षासुद्धा नव्याने द्यावी लागते. लॉरी त्यानंतर.

फोन ठेवल्यावर मात्र चैन पडेना. पोरगा चुकीच्या माणसाकडे गेला होता, पण त्याचा प्रश्न खरा होता. ट्रक चालवायला नीट शिकायचं तर जायचं कुठे, आणि पैसे भरायचे कुणी?

माझे वडील चौदाव्या वर्षी गाडीवर किन्नर, म्हणजे ड्रायव्हरच्या हाताखालचा पोरगा, म्हणून चढले. पाच वर्षं पगार नव्हता. दोन वेळचं जेवण आणि दिवाळीला कपड्यांचा एक जोड. टायरला हवा मारायची, ताडपत्री बांधायची, फाळका उघडायचा, रात्री उस्तादाला डुलकी लागू नये म्हणून बोलत राहायचं. पहाटे तीनला मनमाडच्या पुढे रस्ता मोकळा दिसला की उस्ताद दहा-पंधरा मिनिटं स्टेअरिंग हातात द्यायचा. हेच त्यांचं ट्रेनिंग. आमच्याकडे अजूनही लोक म्हणतात, ड्रायव्हिंग काय, गाडीवर राहून फुकट येतं. फुकट नव्हतं ते. एका पोराची पाच वर्षांची मजुरी फी म्हणून गेली आणि ती गाडीमालकाच्या खिशात राहिली. शिवाय उस्तादाच्या चुकाही त्यांनी तेवढ्याच मन लावून उचलल्या. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची सवय त्यांना त्यानेच लावली होती. ती मोडायला एक अपघात व्हावा लागला.

मी नॉर्थॅम्प्टनजवळ शिकलो. इथला खर्च कागदावर मांडता येतो, ही मला मोठी गोष्ट वाटते. लेखी प्रश्नांची परीक्षा २६ पौंड, रस्त्यावरचे धोके व्हिडिओत ओळखायची ११, व्यावसायिक ड्रायव्हरची लेखी परीक्षा २३, मैदानातली रिव्हर्सची सुमारे ४०, रस्त्यावरची ११५, गाडीची तपासणी आणि माल बांधणी करून दाखवायची ५५. मग ड्रायव्हरचं पात्रता कार्ड २५ आणि टॅकोग्राफचं, म्हणजे चालवल्याच्या तासांची नोंद ठेवणाऱ्या यंत्राचं, कार्ड ३२. सरकारी फी झाली साधारण सव्वातीनशे पौंड. डॉक्टरची तपासणी वेगळी. खरा पैसा जातो तो शाळेकडे. आर्टिक्युलेटेड लॉरीवर, म्हणजे आपल्या भाषेत ट्रेलरवर, पाच दिवसांची शिकवणी आणि वर वीस टक्के व्हॅट. सगळं मिळून मला जवळजवळ तीन हजार पौंड पडले, म्हणजे तीन लाखांच्या वर रुपये. बायकोच्या पगारातून आम्ही ते सात महिने साठवत होतो.

त्यातले पाचशे मी चुकीच्या जागी भरले होते. ज्याला भरले त्याच्याकडे लॉरीच नव्हती. तो नुसता मधला माणूस. पैसे घेऊन त्याने मला नव्वद मैलांवरच्या एका शाळेच्या यादीत टाकलं आणि तारखा तीनदा बदलल्या. शेवटी मी ते पैसे सोडले आणि सरळ जवळच्या शाळेच्या यार्डात जाऊन उभा राहिलो. म्हणून भाच्याला पहिली गोष्ट हीच सांगितली. देश कुठलाही असो, ज्या गाडीवर शिकणार ती गाडी आधी डोळ्यांनी बघायची, आणि मगच खिशात हात घालायचा.

त्या यार्डात पहिल्या दिवशी मास्तरांनी ट्रेलरचा मागचा दरवाजा उघडून दाखवला. आत आठ पांढऱ्या टाक्या पट्ट्यांनी आवळलेल्या, प्रत्येकीत हजार लिटर पाणी. मला वाटलं, कुठेतरी पोहोचवायचा माल असेल. तर तो आमच्यासाठीच होता. इथे परीक्षेची गाडी भरलेली असावी लागते, रिकाम्या गाडीवर परीक्षाच होत नाही. का, ते दुसऱ्या दिवशी गोल चौकात कळलं. ब्रेक मारला, गाडी थांबली, आणि अर्ध्या क्षणाने मागून पाण्याचा धक्का पाठीत बसला. रिकामी गाडी हे कधीच सांगत नाही. मग गाडी सोडायची आणि जोडायची. ट्रेलरचे पाय खाली करायचे, लाल आणि पिवळ्या हवेच्या नळ्या काढायच्या, विजेची वायर काढायची, खटका ओढायचा, इंजिन पुढे घ्यायचं. परत जोडलं की लहान गिअरमध्ये हलकीशी ओढ देऊन बघायचं, पकडलंय की नाही. मास्तर म्हणायचे, ती एक ओढ विसरणारा माणूस एक दिवस ट्रेलर रस्त्यावर सोडून जातो. पाच दिवसांत मी ती चाळीसेक वेळा केली असेन. आजही सकाळी हात आपोआप तिकडे जातो.

पैसे भरायचे रस्ते इथे चार आहेत. मी घेतला तो पहिला, स्वतःच्या खिशातून. दुसरा सरकारी. टंचाईच्या काळात इंग्लंडमध्ये बूटकॅम्प नावाचे मोफत कोर्स निघाले, पण मी चौकशी केली तेव्हा आमच्या भागातल्या जागा भरल्या होत्या. तिसरा ॲप्रेंटिसशिपचा, काम करता करता शिकायचा. चौथा कंपनीचा. माझ्याबरोबरचा एक जण गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा, त्याच्या कंपनीने सगळा खर्च केला आणि दोन वर्षांचा करार लिहून घेतला. आधी सोडलं तर उरलेल्या महिन्यांच्या हिशोबाने पैसे परत. त्याला तो करार जाचक वाटतो. मला वाटत नाही. आकडा लिहिलेला आहे, मुदत लिहिलेली आहे, आणि दर महिन्याला कर्ज कमी होतं. माझ्या वडिलांच्या पाच वर्षांना ना आकडा होता ना मुदत.

आता घरच्या वादाकडे येतो. जानेवारी २०२४ मध्ये भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) विरुद्ध ट्रकवाल्यांनी संप केला. अपघातात माणूस मेला आणि ड्रायव्हर कुणाला न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत कैद, असं ते कलम. पंपांवर रांगा लागल्या, सरकारने चर्चेशिवाय लागू करणार नाही म्हटलं, आणि जुलैत संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवलं गेलं. तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडले. शिकलेली मंडळी म्हणत होती, या ड्रायव्हरांना अक्कल नाही, दहा काय वीस वर्षं टाका. वडील एवढंच म्हणाले, "थांबलो तर लोक जिवंत सोडत नाहीत, हे तुम्हाला गाडीत बसल्याशिवाय कळायचं नाही."

ग्रुपवर कुणालाच माहीत नव्हतं की ब्रिटनमधली शिक्षा याहून कडक आहे. धोकादायक ड्रायव्हिंगने कुणाचा जीव घेतला तर २०२२ पासून जन्मठेपेपर्यंत होऊ शकते. मी रोज ४४ टनांची गाडी घेऊन फेलिक्सस्टोच्या बंदरापर्यंत जातो, आणि त्या कायद्याची मला भीती वाटत नाही. कारण शिक्षेच्या आधी इथे बरंच काही उभं आहे. साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचं. दिवसात नऊ तास स्टेअरिंग, आठवड्यातून दोनदा दहा. पंधरवड्यात नव्वदच्या वर नाही. डॅशबोर्डातलं यंत्र माझ्या कार्डावर मिनिट-मिनिट लिहून ठेवतं. मालकाने फोन करून "अजून एक खेप मार" म्हटलं तर त्याचं ऑपरेटर लायसन, म्हणजे गाड्या धंद्याला लावायचा परवाना, जाऊ शकतं, आणि ते काढून घेणारा ट्रॅफिक कमिशनर मंत्र्याच्या मर्जीवर चालत नाही. अपघात झाला तर ड्रायव्हर किती झोपला होता, गाडी कुणी पाठवली, ब्रेक शेवटचे कधी तपासले, हे सगळं आधी बाहेर येतं.

कायदा आपल्याकडेही आहे. आधी मोटार परिवहन कामगार कायदा होता १९६१ चा, २०२५ मध्ये तो नव्या श्रम संहितेत गेला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. वडिलांनी अठ्ठावीस वर्षं गाडी चालवली, पण हे त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडून ऐकलं.

इथलं सगळं चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. शिकायचा खर्च माणसावर टाकला की गरिबाचा पोरगा येत नाही, हे इथे स्वच्छ दिसतं. आमच्या डेपोत मी तरुणांत मोडतो, आणि माझं वय बेचाळीस आहे. रात्री गाडी लावायला जागा मिळत नाही, सर्व्हिस स्टेशनवर एका रात्रीचे तीस पौंडांच्या वर जातात. ए-१४ महामार्गाच्या कडेला ले-बायमध्ये, म्हणजे गाडी थांबवायच्या पट्टीत, झोपलो की संडासाची सोय नसते. तेव्हा मला आपल्या ढाब्यांची खाट, हातपाय धुवायला बादलीभर पाणी आणि भाकरी आठवते. माणूस म्हणून ड्रायव्हरला बसायला जागा देणं ढाब्यावाल्याला जमतं, ते इथल्या महामार्गांना जमलेलं नाही. आणि २०२१ ची टंचाई काही आभाळातून पडली नव्हती. वर्षानुवर्षं कंपन्यांनी शिकवण्यावर खर्च केला नाही, बाहेरून आयते ड्रायव्हर घेतले, आणि ते गेल्यावर दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या.

म्हणून नितीन गडकरी संसदेत सांगतात की देशात २२ लाख ड्रायव्हर कमी आहेत, आणि ४,५०० कोटींच्या योजनेतून १,६०० प्रशिक्षण संस्था उभारायच्या आहेत, तेव्हा मी ती बातमी दोनदा वाचतो. नव्या ट्रकांच्या केबिनला २०२५ मध्ये एसी सक्तीचा झाला. तेही बरोबरच झालं, नागपूरच्या मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून पाहिलेल्या माणसाला विचारा. आठवी पासची अट २०१९ मध्ये काढली, तीही योग्यच. माझे वडील चौथी शिकलेले, पण माल एका बाजूला सरकलाय हे ते आरशात न बघता सांगायचे. तेव्हा सरकारने म्हटलं होतं, शाळेच्या दाखल्याऐवजी प्रशिक्षणावर भर देऊ. तो भर कुठे आहे, हे मी शोधतोय.

नियम तर आहे. मान्यताप्राप्त केंद्रात जड वाहनाचा कोर्स ३८ तासांचा, सहा आठवड्यांत. पण सहा आठवडे घरी चूल कशी पेटणार? ज्या पोराला रोज मजुरी केल्याशिवाय भागत नाही त्याला फी माफ करूनही उपयोग नाही, कारण त्याची मजुरी बुडते. तो परत किन्नर म्हणूनच चढणार आणि पहाटे तीनला मनमाडच्या पुढेच शिकणार. माझं म्हणणं सरळ आहे. ज्यांचा माल वाहायचा आहे त्यांनी हा खर्च उचलावा. मोठे कारखाने, ई-कॉमर्सची गोदामं, मोठे हुंडेकरी, म्हणजे मालवाहतुकीचे ठेकेदार. शिकणाऱ्याला सहा आठवड्यांचा भत्ता द्यावा, बदल्यात वर्षा-दीड वर्षाचा लेखी करार घ्यावा, महिन्यागणिक घटणारा, आणि लायसन त्याच्याच खिशात राहू द्यावं. मूळ लायसन मालकाने कपाटात ठेवायची जी पद्धत आहे, ती सगळ्यात आधी बंद व्हावी.

भाच्याने मग गावाजवळच्या एका मोटार स्कूलमध्ये चौकशी केली. बारा हजारांत हेवी लायसन, टेस्टसकट. रोज अर्धा तास. केबिनमध्ये चार पोरं, एकाच्या हातात स्टेअरिंग, तिघं बघणार. गाडी जुनी दहाचाकी, रिकामी. एका पोराच्या वाट्याला रोजची साताठ मिनिटंच येतात. टेस्टचं काय, म्हणून विचारलं तर मालक म्हणाला, ते आमच्याकडे लागलं.

मी त्याला पुण्याचं सांगितलं आहे. भोसरीला सीआयआरटीच्या, म्हणजे केंद्रीय रस्ते परिवहन संस्थेच्या, आवारात ड्रायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. फी आणि पुण्यात राहण्याचा खर्च मी पाठवणार आहे, आणि त्याची दीड महिन्याची मजुरीही. आठ लाखांपुढे हे पैसे काहीच नाहीत, आणि जमीन जागेवर राहते. जर्मनीचंही विचारत होता. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, त्यात चालकही होते. पण तिथे आधी भाषा, आणि आपल्या लायसनवर सहा महिनेच, पुढे परीक्षा पुन्हा. ते नंतर बघू म्हटलं.

रविवारी तो भोसरीला जाणार आहे. वहीत तीन प्रश्न लिहून घेतलेत त्याने, मी फोनवर सांगितले तसे. अडतीस तासांपैकी माझ्या हातात स्टेअरिंग किती तास? रिव्हर्स मैदानात शिकवता की रस्त्यावर? आणि तिसरा आजोबांनी मागून ओरडून सांगितला, तो त्याने सगळ्यात वर लिहिलाय: गाडी भरलेली असते का?