जुनी गाडी विकताना ‘तोट्यावर 18 टक्के जीएसटी’? साफ खोटं

‘12 लाखांची गाडी 9 लाखांना विकली, तर मधल्या 3 लाखांवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 54 हजार भरा! वाचायचं असेल तर कागदावर किंमत कमी दाखवा, उरलेले रोख घ्या आणि गाडी लगेच नावावर करू नका.’ डिसेंबर 2024 पासून हा मेसेज फिरतोय. आता तो घरच्या ग्रुपवर आला आणि आमचे काका खरोखरच सही केलेले कोरे फॉर्म देऊन गाडी सोडायला निघाले. म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी 54 हजारांचं बघू. जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी कौन्सिलने जुन्या छोट्या गाड्यांवरचा दर 12 वरून 18 टक्के करायचं ठरवलं आणि 16 जानेवारी 2025 ला तो बदल 8/2018 या केंद्रीय अधिसूचनेत आला. ही अधिसूचना वाचली तरी अर्धे मेसेज थांबतील. कर लागतो तो मार्जिनवर, म्हणजे विक्रीच्या किमतीतून खरेदीची किंमत वजा करून जे उरतं त्यावर. 9 वजा 12 म्हणजे उणे 3. उणे मार्जिनवर कर शून्य. अर्थ मंत्रालयाने तसा खुलासाही केला होता. आणि ज्याची जीएसटी नोंदणीच नाही, त्याने घरची गाडी विकताना नफा झाला तरी हा कर नाही.

एवढं मात्र मान्य करावं लागेल: नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने गाडीवर आयकरात घसारा (वापरामुळे दरवर्षी घटलेल्या किमतीची वजावट) घेतला असेल, तर हिशोब मूळ किमतीवरून नाही, घसारा वजा करून उरलेल्या किमतीवरून होतो. 15 टक्क्यांनी तीन वर्षं घसारा धरला की 12 लाखांचे वहीत 7,36,950 उरतात. ती गाडी 9 लाखांना गेली तर मार्जिन 1,63,050 आणि कर सुमारे 29,350. त्यांनी आपल्या सीएला विचारावं. बाकीच्यांनी घाबरू नये.

डीलरकडून घेताना कर किमतीत येतो, हेही खरं. पण किती? त्याने 4 लाखांना घेऊन साडेचार लाखांना विकली तर 50 हजारांवर 9 हजार. पूर्वी 6 हजार होते. कोणी पूर्ण साडेचार लाखांवर 18 टक्के लावून 81 हजार मागत असेल, तर बिल दाखवायला सांगा आणि मार्जिनवर कर का नाही, हे विचारा.

‘कागदावर किंमत कमी दाखवा.’ कशासाठी? राज्यातल्या राज्यात खाजगी गाडीचं नाव बदलताना रोड टॅक्स सहसा पुन्हा भरावा लागत नाही, फक्त फी लागते. वाचत काहीच नाही. उलट एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर आयकर कायद्यात घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे.

सगळ्यात घातक सल्ला शेवटचा. मोटार वाहन कायद्याच्या लेखी मालक म्हणजे आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तो. गाडी तीन हात फिरली असली तरी अपघाताची भरपाई नोंदीतल्या मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये स्पष्ट केलंय. त्या वेळी विमा संपलेला असेल, तर लाखोंची भरपाई पहिल्या मालकाच्या खिशातून. ई-चलनंही त्याच्याच नावावर. कोऱ्या फॉर्मवर खरेदीदाराचं नाव आणि तारीख कोण, कधी भरणार, यावर विकणाऱ्याचा काही ताबा उरत नाही.

म्हणून विकणाऱ्याने आरटीओला गाडी विकल्याचं कळवणारा फॉर्म 29 चा अर्ज राज्यातल्या व्यवहारात 14 दिवसांच्या आत स्वतः द्यावा आणि पोच ठेवावी. घेणाऱ्याला गाडी नावावर करण्याचा अर्ज द्यायला 30 दिवस असतात. कर्ज होतं का? मग बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवा, नाहीतर अर्ज तिथेच अडतो. गाडी अधिकृत डीलरला देत असाल तर ताबा दिल्याची फॉर्म 29सी ची नोंद करून घ्या. त्यानंतर जबाबदारी डीलरची. घेणाऱ्याने पॉलिसी 14 दिवसांत आपल्या नावावर करावी. थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) गाडीबरोबर आपोआप येतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाकडेच राहतो.