ढेकणांवरच्या गोळ्या आणि पेस्ट कंट्रोलचा परवाना

स्वस्त पेस्ट कंट्रोलवाल्यांमुळे ग्राहकाचे पैसे वाया जातात, असे पेस्ट कंट्रोलवरील एका लेखात म्हटले आहे. ते खरे असले तरी मला त्याहून अधिक काळजी जिवाची वाटते. ढेकूण मारण्यासाठी काही जण घरात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. वस्तुतः ते धान्यकोठारांतील धुरीकरणाचे औषध आहे. हवेतील ओलाव्याशी संपर्क येताच त्यातून फॉस्फीन हा अत्यंत विषारी वायू सुटतो आणि तो फटींतून, नळांच्या मार्गातून शेजारच्या सदनिकेतही शिरतो, जिथे झोपलेल्या माणसांना या गोळ्यांची कल्पनाही नसते. अशा दुर्घटनांत लहान मुले दगावली आहेत, हे फारच क्लेशदायक आहे.

कीटकनाशक अधिनियम, 1968 आणि त्याखालील 1971 च्या नियमांनुसार व्यावसायिक कीटकनियंत्रणासाठी परवाना लागतो. तो पाहायला मागणे, औषधाच्या डब्यावरील नाव व विषारीपणा दर्शवणारा रंगीत त्रिकोण तपासणे आणि वापरलेल्या औषधाची बिलावर नोंद घेणे हा ग्राहकाचा हक्कच आहे. ‘बिनवासाचे, हर्बल’ एवढ्या उत्तरावर कोणीही समाधान मानू नये. गृहनिर्माण संस्थांनीही शेजाऱ्यांना आगाऊ लेखी सूचना दिल्याशिवाय कोणत्याही सदनिकेत असे काम करू देऊ नये.