‘राजे बदलले, गाव तसंच राहिलं’ हे कोणत्या गावाबद्दल?

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला पाच जणांनी पाठवला. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या मामेभावाने, निपाणीच्या वर्गमित्राने, आणि शेवटी तो आमच्या गल्लीच्या मंडळाच्या ग्रुपवरही येऊन पडला. पाठवणारी सगळी माणसं चांगली आहेत, गावाबद्दल माया असलेली आहेत. म्हणूनच उत्तर नीट द्यावंसं वाटलं.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा. इंग्रज येण्याआधी आपलं प्रत्येक गाव एक स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. वर सुलतान असो की छत्रपती, गावाला त्याची गंधवार्ताही नसायची. गावाने निवडलेले पाटील-कुलकर्णी न्याय करायचे. मीठमिरचीपासून नांगरापर्यंत सगळं गावातच व्हायचं. बारा बलुतेदार एका घरासारखे राहायचे, जातीचा जाच नव्हता, तो इंग्रजांनी घातला. शेवटी हाक दिली आहे : ‘ते गाव परत आणूया.’

पहिली गोष्ट, हे चित्र काढलं कुणी? चार्ल्स मेटकाफ या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने. १८३० साली त्याने लिहून ठेवलं की हिंदुस्थानातली गावं म्हणजे लहान लहान प्रजासत्ताकं आहेत, घराण्यांमागून घराणी कोसळली, मालक बदलत गेले, पण गावं होती तशीच राहिली. मेटकाफची नोकरी दिल्लीकडे झाली होती, मलप्रभेच्या काठी नव्हे. पण त्याचं वाक्य विलायतेत गेलं, तिथून पुस्तकांत उतरलं आणि आपल्याकडे ‘प्राचीन परंपरा’ म्हणून परत आलं. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी मेटकाफचा हाच उतारा वाचून दाखवला आणि विचारलं की गावं टिकली खरी, पण कोणत्या पातळीवर टिकली? इंग्रजांनी आपलं सगळं बिघडवलं म्हणणाऱ्या मेसेजचा पायाच एका इंग्रजाच्या वाक्यावर उभा आहे, हे पाठवणाऱ्यांनी एकदा लक्षात घ्यावं.

आता ‘गावाला गंधवार्ता नव्हती’ हा मुद्दा. आपल्याच बेळगाव भागाचा हिशोब घ्या. १४७२ मध्ये महमूद गावानने बेळगावचा किल्ला बहमनींसाठी घेतला. मग आदिलशाही आली, १६८६ ला विजापूर पडल्यावर मोगल आले. अठराव्या शतकाच्या मध्यावर सावनूरच्या नवाबाकडून हा मुलूख पेशव्यांकडे गेला. १७८५ मध्ये टिपूच्या फौजेने कित्तूर घेतलं. १८०० च्या पावसाळ्यात धोंडिया वाघ हा बंडखोर पुढे आणि त्याच्या मागावर कंपनीच्या वेल्स्लीची पलटण अशी धावाधाव कित्तूर, सौंदत्ती, मनोळीच्या पट्ट्यात चालली आणि ३० जुलैला मलप्रभेकाठी मनोळीपाशी धोंडियाच्या तळावर छापा पडला. फौज गावावरून गेली की कडबा जातो, बैल वेठीला धरले जातात, पेवं, म्हणजे जमिनीतली धान्याची कोठारं, उकरली जातात. आषाढ-श्रावणात, कोळपणीच्या दिवसांत ज्याचे बैल ओढून नेले, त्याला राज्य कुणाचं याची गंधवार्ता नव्हती असं म्हणणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

चिकोडी आणि मनोळी तालुक्यांसाठी तर कोल्हापूर, पेशवे आणि निपाणीकर यांची वर्षानुवर्षं ओढाताण होती. १८१८ नंतर ते तालुके कोल्हापूरला मिळाले आणि १८२७ च्या तहात कंपनीकडे गेले. दर बदलाला नवा कमाविसदार, म्हणजे सारा वसूल करणारा सरकारी अंमलदार, येणार. जुन्या सनदा त्याच्यापुढे मांडायच्या, नजराणा भरायचा, तेव्हा त्या कायम होणार. आणि तो नजराणा देसाई, म्हणजे परगण्याचा वंशपरंपरागत अधिकारी, स्वतःच्या पेटीतून भरत नसे, तो पट्टी म्हणून गावावर बसायचा.

या मुद्द्याला सगळ्यात सडेतोड उत्तर नंदगडला आहे. कित्तूरसाठी इंग्रजांविरुद्ध उठलेला संगोळ्ळी रायण्णा हा गावचा शेतसनदी होता. शेतसनदी म्हणजे गावाच्या आणि देसायांच्या रखवालीची, वेळ पडली तर लढाईची चाकरी करायची आणि त्या बदल्यात जमीन खायची. २३ ऑक्टोबर १८२४ ला कित्तूरच्या वेशीपाशी धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, पण डिसेंबरात कित्तूर पडलं. वरची गादी गेल्यावर खालच्या सनदी माणसाच्या जमिनीला धक्का लागला. जमिनी खालसा झाल्या, उरल्या त्यांवर सारा चढला. रायण्णाने कचेऱ्या जाळल्या आणि त्यातले कागद जाळले. का, तर जमीन कुणाची हे त्या कागदांत नव्याने लिहिलं जात होतं. २६ जानेवारी १८३१ ला त्याला नंदगडजवळ फाशी दिलं. तिथला वड आजही लोक दाखवतात. हा माणूस गावचा होता, राजवाड्यातला नव्हता. राज्य बदललं हे त्याला आपल्या बांधावर उभं राहून कळलं होतं.

‘पाटील-कुलकर्णी गावाने निवडलेले’ या वाक्यावर जरा थांबायला हवं, कारण मेसेजमधली सगळ्यात मोठी चूक ही आहे. पाटीलकी, कुलकर्ण, देसगत (देसायाचं वतन), नाडगौडकी (नाडाच्या, म्हणजे गावांच्या गटाच्या, प्रमुखाचं वतन) ही वतनं होती. वतन म्हणजे वंशपरंपरेचं काम आणि त्याबरोबर इनाम जमीन, धान्यातला हक्क, मानपान. बापाकडून मुलाकडे जायचं, भावाभावांत वाटलं जायचं, गहाण पडायचं, विकलंही जायचं. निम्मी पाटीलकी विकल्याची, चौथाई विकत घेतल्याची खरेदीखतं जुन्या दप्तरांत सापडतात. जी गोष्ट निम्मी विकता येते ती निवडणुकीने आलेली नसते. थोरल्या आणि धाकट्या तक्षिमेत, म्हणजे वतनाच्या वाटेकरी घरांत, भांडण कशावरून, तर होळीची पहिली पोळी कुणाची, बेंदराला पहिला बैल कुणाचा वेशीतून जायचा यावरून. आमच्याकडे कारहुणवीला, म्हणजे बैलांच्या सणाला, अजून दोन घरं एकमेकांकडे बघत नाहीत. ते बैलासाठी नाही. ज्याचा बैल पुढे, त्याची सही वर, आणि ज्याची सही वर त्याचा शब्द शेवटचा, म्हणून.

वतनदारांची ताकद किती होती हे त्यांच्याच काळातल्या कारभाऱ्याने लिहून ठेवलं आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात देशमुख, देशकुलकर्णी, पाटील यांना ‘स्वल्पच परंतु स्वतंत्र देशनायक’ म्हटलं आहे, राज्याचे दायाद म्हटलं आहे. दायाद म्हणजे भाऊबंद, वाटा मागणारे. वतनदाराला सैल सोडलं तर तो डोईजड होतो आणि फार आवळलं तर शत्रूला जाऊन मिळतो, ही कसरत अमात्यांनी ओळखली होती. राजा म्हणजे सर्वसत्ताधीश आणि बाकी सगळी प्रजा, असं तेव्हाचं राज्य नव्हतंच. आणि गाव म्हणजे सगळे समान, असंही नव्हतं. दोन्हींच्या मधे हा वतनदार बसलेला होता. दरबारात तो गावाचा माणूस, गावात तो दरबाराचा माणूस.

आपल्या जिल्ह्यात याची उदाहरणं वाटेल तेवढी. बैलहोंगल तालुक्यातलं बेलवडी घ्या. दक्षिणेच्या मोहिमेवरून परतणाऱ्या शिवाजी महाराजांच्या फौजेला तिथल्या देसाईणीने सत्तावीस दिवस दाद दिली नाही, असं सभासद बखरीत आहे. एवढ्याशा गढीची मालकीण कर्नाटक जिंकून आलेल्या सैन्यापुढे महिनाभर उभी राहते, तेव्हा तिच्यामागे पेवं, शिबंदी आणि आसपासच्या गावांवरचा हक्क असतो. कित्तूरचे देसाई तर राजेच म्हणवले गेले. निपाणीचे आप्पा देसाई पेशव्यांचे सरलष्कर होते. १८१८ मध्ये त्यांनी वारा ओळखून कंपनीशी जमवून घेतलं आणि मुलूख राखला. १८३९ मध्ये ते निपुत्रिक वारले तेव्हा निपाणी खालसा झाली. निपाणीच्या कुळांना या कशातही कुणी विचारलं नव्हतं.

मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे आणि ती मी नाकारत नाही. गावाला स्वतःची सभा होती. वतनाचा, शिवेचा (गावाच्या हद्दीचा) तंटा पडला की गोतसभा बसायची, देसाई, नाडगौड, शेटे-महाजन, आसपासच्या गावांचे पाटील, बलुतेदार जमायचे, साक्षी व्हायच्या, कधी दिव्यही (खरेखोटेपणाची शारीरिक कसोटी) करायला लावायचे, आणि निवाड्याचा महजर, म्हणजे साक्षींसह निकालपत्र, लिहिला जायचा. आणि रयतेच्या हातातही एक हत्यार होतं : उठून जाणं. जुलूम फार झाला की कुळं गुरंढोरं घेऊन रातोरात दुसऱ्याच्या हद्दीत निघून जायची. कागदांत त्याला ‘परागंदा’ म्हणतात. जमीन मुबलक आणि माणसं थोडी होती, त्यामुळे ओस गाव कुणालाच परवडायचं नाही. मग सरकार कौल द्यायचं, पहिल्या वर्षी थोडा सारा, मग दरसाल वाढता, ज्याला इस्तावा म्हणत. गरिबाची खरी ताकद गोतसभेपेक्षा या पाय काढण्यात होती असं मला वाटतं. पण घर सोडून पळावं लागणं याला प्रजासत्ताक म्हणता येत नाही.

‘सगळं गावातच व्हायचं’ या मुद्द्याला फार शब्द नकोत. खानापूर, चिकोडी, सौंदत्तीत कुठेही मीठ पिकत नाही. ते घाटाखालून यायचं, लमाणांच्या बैलांच्या पाठीवर, रामघाटाने, चोर्ल्याच्या वाटेने. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन मंदिर ज्या रट्ट राजांच्या काळातलं, त्यांच्या १२०४ च्या शिलालेखांत लाट म्हणजे गुजरातचे आणि मलयाळचे व्यापारी आले आहेत. आठशे वर्षांपूर्वी इथे केरळचा माणूस दुकान मांडून बसला होता. बाजार होता, जकात होती, आणि जकातीचं नाकं ज्याच्या हातात त्याच्या हातात सत्ता होती.

आता बलुत्याबद्दल. हे मी आज्जीकडून ऐकलेलं आहे. तिच्या माहेरी, खानापूर भागात, भाताची रास पडली की पहिलं सूप देवाचं. मग सुतार, लोहार, न्हावी, परीट, गुरव यांची सुपं, ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे, कुणाचं शीग लावून (वर रास चढवून), कुणाचं सपाट. आज्जी हाताने दाखवायची, सपाट सूप कसं हाताच्या कडेने निरपून देत ते. महार आणि मादर खळ्याच्या कडेला उभे राहायचे. रास उचलून झाली की खाली मातीत मिसळलेलं जे उरायचं, ते त्यांनी झाडून न्यायचं. त्याला नाव होतं ‘हक्क’. कानडी गावांत याच बलुतेदारांना आयगार म्हणतात, नाव वेगळं, खळं तेच. महार-मादरांचं वर्षभराचं काम काय? वेस राखायची, सरकारी सारा आणि निरोप पोचवायचे, आल्यागेल्या अंमलदाराचं ओझं वाहायचं, मेलेलं ढोर ओढायचं. कामाला ठरलेली वेळ नाही, नाही म्हणायची सोय नाही. हे इंग्रजांनी आणलेलं नाही. त्यांनी ते १८७४ च्या वतन कायद्यात बांधून ठेवलं, एवढा दोष त्यांचा नक्की आहे, पण खळं त्यांच्या आधीचं आहे.

ज्यांनी हे भोगलं त्यांनी याला ‘एका घरासारखं’ कधी म्हटलं नाही. एप्रिल १९२५ मध्ये बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद निपाणीला भरली, अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कौन्सिलात महार वतनाच्या सुधारणेचं विधेयक आणलं. त्याआधी १९१८ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात महार वतन मोडलं, कुलकर्ण्यांच्या जागी तलाठी नेमले. आपलं रायबाग तेव्हा कोल्हापुरातच होतं. बाकी जिल्ह्यात देसगत आणि कुलकर्ण १९५१ ला मुंबई राज्याच्या कायद्याने संपलं, पाटीलकी आणि खालची वतनं १९६३ ला, म्हैसूर राज्याच्या कायद्याने. वरच्या वतनदारांची गेल्यावर सनदी-तळवार अशा गावच्या खालच्या चाकरांची सुटका व्हायला आणखी बारा वर्षं लागली.

आमच्या माळ्यावर जुन्या कागदांचा एक रुमाल (कापडी गठ्ठा) होता, त्यात शिवेच्या तंट्याचा एक महजर निघाला. मोडी वाचणाऱ्या एका सरांकडे तो घेऊन गेलो तेव्हा गावचा एक मित्र बरोबर होता. त्याचे आजोबा सनदीचं काम करायचे. सर एकेक नाव वाचत गेले. पाटलाच्या नावापुढे नांगर, शेट्याच्या पुढे तराजू, न्हाव्याच्या पुढे आरसा, अशा काढलेल्या निशाण्या. मित्राने विचारलं, आमचं कुणी आहे का यात? सरांनी बोट अगदी खाली नेलं. शीव कुठून कुठे जाते हे डोक्यावर घोंगडी घेऊन ज्याने चालून दाखवलं तो गावचा महार होता आणि त्याच्या साक्षीवर हद्द ठरली होती. नावापुढे विळ्याची खूण. मित्र बराच वेळ त्या खुणेकडे बघत होता. मग त्याने फोन काढला, तेवढ्याच खुणेचा फोटो घेतला आणि वडिलांना पाठवला.