‘बहुधा’ लिहिलं म्हणून काय बिघडलं?

आमच्या फॅमिली ग्रुपवर वाघनखांचं भांडण अजून मिटलेलं नाही. 2024 च्या जुलैत लंडनच्या व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियममधून ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात गेली, आधी साताऱ्याला, तेव्हापासून ‘महाराजांचीच’ म्हणणारे काका एका बाजूला, शंका घेणारा मावसभाऊ दुसऱ्या बाजूला, आणि मी लंडनला राहते म्हणून निकाल मी द्यायचा! म्युझियमने स्वतःच सांगितलंय की ती महाराजांचीच हे सिद्ध करता येत नाही, ती शिवाजीची आणि साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याला मिळाली असं नखांच्या पेटीवर लिहिलंय एवढंच. पण हे ग्रुपवर टाकलं की उत्तर ठरलेलं, ‘तू पण तिकडचीच झालीस.’

त्याच म्युझियममध्ये मी अधूनमधून हस्तिदंती पाट्या बघायला जाते. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या युरोपातल्या, बऱ्याचशा तळहाताएवढ्या, दोन पानं बिजागरीने जोडलेली, पुस्तकासारखी मिटणारी, घरात प्रार्थनेला ठेवायला. एकीवर येशूच्या आईचं, मेरीचं नाक पार झिजलंय, हात लावून लावून असेल किंवा ओठ टेकून, आणि पदराच्या घडीत निळ्या रंगाचा ठिपका राहिलाय, कारण तेव्हा यांना रंग आणि सोन्याचा मुलामा असायचा, आज दिसतात तशा कोऱ्या पांढऱ्या नव्हत्या. हत्ती आफ्रिकेतला, कोरणारे बरेचसे पॅरिसचे. लेबलवर हत्तीचा देश सहसा नसतोच, ते मला खटकतं.

पण त्या लेबलवर ‘बहुधा’ असतं. बहुधा पॅरिस, साधारण अमुक साल. 1924 मध्ये फ्रेंच अभ्यासक रेमों केश्लँ यांनी तीन खंडांत फ्रेंच हस्तिदंतांची यादी केली, पुढच्यांनी त्यातलं बरंच उलटसुलट तपासलं, नंतर लंडनच्या कोर्टोल्ड इन्स्टिट्यूट या कला-संस्थेने जगभरातल्या 5,000 हून जास्त वस्तू फोटोंसकट ऑनलाइन टाकल्या, कुणीही फुकट बघावं. एकोणिसाव्या शतकात नकला पण भरपूर झाल्या. आणि कार्बन टेस्ट फक्त हत्ती साधारण कधी मेला ते सांगते, जुन्या दातावर कुणी नंतर कोरलं असेल तर काय करणार? मग रंग बघा, झीज बघा, बिजागरीची भोकं बघा. एवढं करूनही काहींचा निकाल लागत नाही, तरी त्या काचेत मानाने बसतात.

आता काकांची बाजू. इथे शंका घेणं सोपं आहे हो, त्या मेरीपुढे आता कुणी गुडघे टेकत नाही, शाळेची ट्रिप येते, ड्रॉइंग काढते, जाते. साताऱ्यात माझ्या मावशीने नखांना हात जोडले. तिला ‘बहुधा’ कसं सांगायचं ते मला अजून जमत नाही, पण म्हणून लेबलवरून तो शब्द पुसा असं मी म्हणणार नाही, कारण एकदा पुसला की पुढे कुणी तपासतच नाही.

परवा आईचा फोन. ‘तू एवढं बघून आलीस, मग खरी की खोटी ते सांग ना एकदा.’ म्हटलं, आई, पेटीवर काय लिहिलंय ते आधी वाचून दाखवते. ‘राहू दे, कुकर झालाय,’ म्हणाली.