चौकशी करून दिलेले दान

महाराष्ट्रात पूर आला, दुष्काळ पडला किंवा एखाद्या मुलाच्या उपचारांसाठी मदतीचे आवाहन झाले, की परदेशातल्या मराठी मंडळींमध्ये पैसे नेमके कोणाकडे पाठवायचे, यावर ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, माणूस ओळखीचा आहे, निर्धास्त पाठवा. दुसरी म्हणते, संस्था सगळ्या सारख्याच, त्यापेक्षा काहीच देऊ नका. घरच्या वर्तमानपत्रांतून आणि नातेवाइकांच्या बोलण्यातूनही हीच दोन टोके ऐकू येतात. माझ्या मते दोन्ही भूमिकांचा परिणाम सारखाच होतो : संस्थेची चौकशी करण्याचे काम टळते.

मी इंग्लंडमध्ये राहतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या चॅरिटी कमिशनची स्थापना १८५३ च्या कायद्याने झाली आणि आज त्याची नोंदवही कोणालाही घरबसल्या पाहता येते. संस्थेचा नोंदणी क्रमांक घातला की विश्वस्तांची नावे, गेल्या पाच वर्षांतले उत्पन्न आणि खर्च, हिशेब वेळेवर सादर झाले की उशिरा, संस्थेविरुद्ध अधिकृत चौकशी चालू आहे का, हे सारे समोर येते. वर्षाला साठ हजार पौंडांहून अधिक मोबदला घेणारे किती कर्मचारी आहेत, हेसुद्धा तिथे दिसते. आर्थिक वर्ष संपल्यापासून दहा महिन्यांत हिशेब द्यावे लागतात, आणि मुदत चुकवली तर तीही उघडपणे नोंदली जाते. त्यामुळे दारात आलेल्या स्वयंसेवकाला नोंदणी क्रमांक विचारला तर त्याला राग येत नाही. तो क्रमांक त्याच्या पत्रकावर आधीच छापलेला असतो. इथल्या व्यवस्थेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

तरीही नोंदणी पाहिली म्हणजे काम झाले, असे इथेही मानता येत नाही. वंचित मुलांसाठी काम करणारी लंडनची किड्स कंपनी रीतसर नोंदलेली होती. तिला सरकारी अनुदान होते, नामवंतांचा पाठिंबा होता, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये ती अचानक बंद पडली. पुढे तिच्या विश्वस्तांना अपात्र ठरवण्याची मागणी न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळली, हेही सांगितले पाहिजे, कारण अप्रामाणिकपणा हेच काही देणगी वाया जाण्याचे एकमेव कारण नसते. संसदीय समितीने बोट ठेवले होते ते राखीव निधी न उभारण्यावर. येईल तो पैसा खर्च करत राहणारी संस्था कितीही तळमळीची असली, तरी एक अनुदान थांबले की तिच्या आधाराने जगणारी मुले उघड्यावर येतात. ताळेबंदात शिल्लक किती आहे आणि उत्पन्न एकाच देणगीदारावर अवलंबून आहे का, हे दोन प्रश्न म्हणूनच मी प्रसिद्ध चेहऱ्यांपेक्षा अधिक महत्त्वाचे मानतो.

आपल्याकडे कायदाच नाही, असे परदेशात बसून म्हणणे सोपे असले तरी खरे नाही. १९५० पासून महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांसाठी स्वतंत्र कायदा आहे, धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे, विश्वस्त बदलले तर चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो आणि न्यासाच्या हिशेबांची तपासणी बंधनकारक आहे. संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालची असो वा कंपनी कायद्याच्या कलम आठखालची ना-नफा कंपनी असो, तिचा कुठेतरी क्रमांक असतोच. उणीव आहे ती इतकीच की हे कागद इंग्लंडप्रमाणे एका जागी, सामान्य माणसाला सहज वाचता येतील असे मिळत नाहीत. ते संस्थेकडे मागावे लागतात. आणि मागण्याचाच आपल्याला संकोच वाटतो. अनेकांना तो समाजकार्यात आयुष्य घातलेल्या माणसाचा अपमान वाटतो. मला मात्र अनुभव उलटा आहे : ज्यांचे काम खरे आहे, ते लेखापरीक्षण अहवाल मागताच पाठवतात आणि वर कामाची माहितीही देतात. टाळाटाळ करणाऱ्यांचे उत्तर बहुधा भावनेचे असते.

काही कागदांचे मोल नीट ओळखले पाहिजे. स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक ही संस्थेने स्वतः भरलेल्या माहितीची नोंद आहे; तिला चांगुलपणाचे प्रशस्तिपत्र समजू नये. देणगीदाराला प्राप्तिकरात मिळणाऱ्या ८०जी सवलतीसाठी संस्थेला लागणारी मान्यता २०२१ पासून मुदतीची झाली आहे, म्हणून पावतीवर छापलेला जुना क्रमांक आजही लागू आहे का, हे विचारायला हवे. त्याच सुमारास संस्थांना प्रत्येक देणगीचे विवरण प्राप्तिकर खात्याला देणे आणि देणगीदाराला दहा-बीई नमुन्यातले प्रमाणपत्र देणे बंधनकारक झाले. हे प्रमाणपत्र मिळणार नाही, असे ८०जीची जाहिरात करणारी संस्था सांगत असेल, तर मी तिथेच थांबेन.

परदेशस्थांसाठी आणखी एक बाब आहे आणि तिच्याकडे आपण फार दुर्लक्ष करतो. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकिंग मार्गाने दिलेली देणगी विदेशी मानली जात नाही. परंतु ब्रिटिश किंवा अमेरिकी नागरिकत्व घेतले, की हाती ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते) असले तरी आपण कायद्याच्या दृष्टीने विदेशी स्रोत ठरतो. अशी देणगी घेण्यासाठी संस्थेकडे विदेशी अंशदान (म्हणजे परदेशी देणग्यांच्या) कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या संस्थेच्या खात्यातच जमा व्हावा लागतो. या दुरुस्तीवर घरी बरीच टीका झाली आणि त्यातला काही भाग मला पटतो; नोंदणीकृत मोठ्या संस्थेने लहान संस्थेला विदेशी पैसा पुढे देण्याचा मार्ग बंद झाल्याने आडगावांतल्या कामांना फटका बसला. पण कायदा पटत नाही म्हणून भावाच्या खात्यात पैसे पाठवून ते संस्थेला द्यायला सांगणे योग्य नव्हे. चौकशी झालीच तर आपण सुरक्षित राहतो आणि निस्तरावे लागते त्या संस्थेला.

प्रशासकीय खर्चाचा हट्टही सोडायला हवा. विदेशी देणगीतून होणाऱ्या अशा खर्चाची मर्यादा त्याच दुरुस्तीने पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली, आणि आपणही ‘माझा प्रत्येक रुपया थेट गरजूला’ असा आग्रह धरतो. आदिवासी पाड्यावर दवाखाना चालवायचा तर परिचारिकेला पगार लागतो, गाडीला इंधन लागते, हिशेब ठेवायला माणूस लागतो. हिशेब ठेवणारा माणूस नको आणि हिशेब मात्र चोख हवा, ही मागणी अन्यायाची आहे. म्हणूनच लहान संस्थेचे संकेतस्थळ नसणे हा मी दोष मानत नाही. देणगी संस्थेऐवजी कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्यात मागितली जाणे हा मात्र मोठा दोष मानतो, मग तो कार्यकर्ता कितीही आदरणीय असो.

घाईच्या वेळी हीच गोष्ट सर्वांत निसटते. मार्च २०२० मध्ये करोनासाठीचा पीएम केअर्स निधी जाहीर झाल्यावर त्याच्या यूपीआय पत्त्यातले एखादे अक्षर गाळून तयार केलेले बनावट पत्ते लगेच फिरू लागले होते. संदेशातल्या पत्त्यावर पैसे न टाकता संस्थेच्या स्वतःच्या अधिकृत ठिकाणी जाऊन खाते पाहायला पाच मिनिटे लागतात, आणि आपत्तीतली मदत पाच मिनिटांनी निकामी होत नाही. पुनर्वसनाचे काम तर पाणी ओसरल्यावर महिनोन्‌महिने चालते.

घरच्या पद्धतीत मला जपावेसे वाटते ते म्हणजे माणसाने माणसाची दिलेली ग्वाही. ‘लोकसत्ता’ दरवर्षी ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमात काही संस्थांचे काम वाचकांसमोर मांडतो आणि वाचक संस्थेच्याच नावाने धनादेश देतात. इथे ओळख करून देणारा आहे आणि पैशाचा मार्गही सरळ आहे. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना हे सहज करता येईल. आवाहनासोबत संस्थेचा नोंदणी क्रमांक, खात्यावरचे नाव, मागील वर्षाचा ताळेबंद आणि कोणत्या नागरिकत्वाच्या सभासदाने कोणत्या खात्यात पैसे भरावेत, याचा खुलासा द्यावा. आणि पुढच्या वार्षिक सभेत त्या पैशाचे काय झाले, याचा संस्थेकडून आलेला अहवाल निधी गोळा करणाऱ्यांनीच वाचून दाखवावा.