‘जुना वाचक’ यांना, जरा सविस्तर

‘अमेरिकेतले स्लोव्हेनियन आणि युगांडन : कोण किती स्थिरावलं?’ या माझ्या लेखाखाली ‘जुना वाचक’ या नावाने लिहिणाऱ्या एका सद्गृहस्थांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिथल्या तिथे दोन ओळी लिहून मोकळी होणार होते. पण ती प्रतिक्रिया आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे, खाली ‘अगदी बरोबर बोललात सर’ असे अंगठेही उमटलेत. म्हटलं, आता नीटच लिहू.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी : अमेरिकेच्या जनगणना विभागाची दरवर्षी एक पाहणी असते. तिच्यातून मी दोन गट घेतले. एक, आपलं मूळ स्लोव्हेनियन, म्हणजे युरोपातल्या स्लोव्हेनियातलं आहे असं सांगणारे. दुसरा, युगांडात जन्मलेले. दोघांची घरटी मिळकत, शिक्षण आणि स्वतःचं घर असण्याचं प्रमाण शेजारीशेजारी मांडलं. स्वतःचं घर असणारे स्लोव्हेनियनांत बरेच जास्त, आणि ते तसं का, यावर उरलेला लेख होता.

त्यावर सरांचं मुख्य वाक्य जसंच्या तसं देते : “ताई, चार पिढ्यांपूर्वी आलेल्यांच्या पणतवंडांची मिळकत आणि परवा विमानातून उतरलेल्यांची मिळकत एकाच तक्त्यात मांडणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे, आणि तो अमेरिकेत सुखात बसलेल्या माणसालाच परवडतो.”

आपला अभ्यास मोठा असेल, मी नाकारत नाही. पण मतभेद मांडायचा तर ‘मला हे पटत नाही’ एवढं पुरतं. ओळख ना पाळख, ‘ताई’ म्हणायचं आणि त्याच दमात बेजबाबदार ठरवायचं, ही कुठली रीत? याच ब्लॉगवर माझ्या नवऱ्याने पाहुणा म्हणून शेअर बाजारावर लेख लिहिला होता. त्यात खरोखर गोंधळ होता, तरी त्याला कुणी ‘दादा, जपून’ म्हटलं नाही. असो.

आता ‘सुखात बसलेल्या’ या शब्दांबद्दल. यावर गप्प बसायचं ठरवलं होतं, पण राहवत नाही.

मी इथे बहिणीने भरलेल्या अर्जावर आले. तो अर्ज इतकी वर्षं रांगेत पडून होता की आम्ही घरात त्याचं नाव काढणंही सोडलं होतं. नाशिकची बी.कॉम. पदवी घेऊन उतरले, ती इथे कुणी विचारली नाही. पहिली नोकरी मिळाली ती बॉस्टनजवळच्या एका वृद्धाश्रमात, सीएनए म्हणून. म्हणजे म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं, आणि अंथरुणाला खिळलेल्यांची दर दोन तासांनी कूस बदलणं. ते काम एकटीने होत नाही, दोघी लागतात. रात्री अकरा ते सकाळी सातच्या पाळीत माझ्याबरोबरची दुसरी बाई बहुतेक वेळा युगांडाची असायची. बॉस्टनच्या पश्चिमेचं वॉल्थम हे गाव युगांडन लोकांची अमेरिकेतली मोठी वस्ती आहे, हे मी कुठल्या अहवालात वाचलेलं नाही. पहाटेच्या बसमध्ये त्यांची लुगांडा भाषा ऐकत कळलं.

त्यांच्यातली एक मकेरेरे विद्यापीठाची पदवीधर, तिकडे शाळेची मुख्याध्यापिका होती. दुसरी कंपालाच्या मुलागो रुग्णालयात परिचारिका. इथे नर्स म्हणून काम करायचं तर परवान्याची परीक्षा, त्याआधी कागदपत्रांची पडताळणी, त्याचे पैसे. तोवर कूस बदला. युगांडात शाळेच्या तीन टर्म असतात, साधारण फेब्रुवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या. त्या महिन्यांत या बायका लागोपाठ दोन पाळ्या मागून घ्यायच्या, कारण भाचरांपासून शेजाऱ्यांच्या मुलांपर्यंत सगळ्यांची फी इथून जायची. उरलं तर कंपालाजवळ वाकिसोकडे घेतलेल्या जागेवर भिंत चढायची. यंदा विटा, पुढल्या वर्षी पत्रे. आमची भिशीही होती, मलाही घेतलं होतं तिच्यात.

तेव्हा सर, ‘परवा विमानातून उतरलेले’ कोण असतात हे मला आपण समजावू नये. मी त्यांच्यातलीच होते.

स्लोव्हेनियनांचंही तेच. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही क्लीव्हलंडला आलो आणि युक्लिड या उपनगरात एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. घरमालकीणबाई स्लोव्हेनियन वंशाच्या. त्यांचे वडील तारेच्या कारखान्यात. आजी घरात बिऱ्हाडकरू ठेवायची. गिरणीतले एकटे पुरुष, एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे. त्यांचं जेवणखाण, कपडे, सगळं आजीकडे. नाताळात बाई मला पोटित्सा, म्हणजे अक्रोड भरलेला गोड पाव द्यायच्या आणि आजीच्या हातांना पडलेल्या भेगांबद्दल सांगायच्या. पणतवंडांची मिळकत म्हणता ती त्या भेगांतून आली आहे. (त्या स्वतः पणती नव्हत्या, नात होत्या. ‘चार पिढ्या’ हा शब्द सरांनी कुठून मोजून आणला देव जाणे.)

आता मुद्दा. दोन गट वेगवेगळ्या काळात आले हे मी लपवलं असं सरांचं म्हणणं. लेखाचा दुसरा भाग पूर्ण त्यावरच आहे. ‘मूळ’ विचारणारा प्रश्न आणि ‘जन्मस्थान’ विचारणारा प्रश्न वेगळे आहेत, हेही तिथे लिहिलंय. पण प्रतिक्रिया द्यायची घाई असली की लोक तक्ता बघतात आणि खाली उडी मारतात.

काळ वेगळा आहे म्हणूनच तर तुलना करायची! स्लोव्हेनियन इथे सुखी म्हणून जन्माला आले नाहीत. ते आले ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातून, बहुतेक कार्निओला प्रांतातून (आज तो स्लोव्हेनियात आहे), १८८० ते १९१४ च्या दरम्यान. कागदावर त्यांची नोंद कित्येकदा नुसती ‘ऑस्ट्रियन’. मिनेसोटातल्या लोखंडाच्या खाणी, मिशिगनमधल्या तांब्याच्या, क्लीव्हलंडच्या पोलाद आणि तारेच्या गिरण्या. खाणीत माणूस मेला तर बायकोच्या हातात पैसे पडतीलच असं नव्हतं. म्हणून त्यांनी स्वतःच्या संस्था काढल्या. १८९४ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटला कॅथलिकांची, १९०४ मध्ये शिकागोला धर्म बाजूला ठेवणाऱ्यांची. दरमहा वर्गणी, आजारपणात मदत, मेल्यावर कुटुंबाला रक्कम. १९२४ मध्ये क्लीव्हलंडच्या सेंट क्लेअर अव्हेन्यूवर त्यांचं ‘नॅशनल होम’ हे समाजमंदिर उभं राहिलं.

आणि त्याच १९२४ मध्ये अमेरिकेने दार लावून घेतलं. त्याआधी स्थलांतरितांचा अभ्यास करणाऱ्या सरकारी डिलिंगहॅम आयोगाने १९११ मध्ये ४१ खंडांचा अहवाल देऊन सांगितलं होतं की दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणारे हे नवे लोक जुन्यांच्या तोडीचे नाहीत. नव्या कायद्यानुसार, स्लोव्हेनियन ज्यात मोडत होते त्या अख्ख्या युगोस्लाव्हियाला मिळून वर्षाला हजाराच्या आतला कोटा मिळाला. ज्यांना आज आपण आरामात ‘गोरे युरोपीय’ म्हणतो त्यांची तेव्हाची ही किंमत.

मग ते वर कसे आले? माझ्या लेखाचं उत्तर सरळ आहे : त्यांच्या हातातलं काम महाग झालं. १९३७ मध्ये यू. एस. स्टीलने युनियनला मान्यता दिली, क्लीव्हलंडच्या तारेच्या गिरण्या त्याच कंपनीच्या. दुसरी पोलाद कंपनी रिपब्लिक स्टील, तिने त्याच वर्षीचा संप मोडून काढला, पण १९४२ पर्यंत त्यांनाही मान तुकवावी लागली. कामगार तोच, भट्टी तीच, पगार वाढला. पाठोपाठ युद्धातून परतलेल्या मुलांना १९४४ च्या कायद्याने शिक्षण आणि घरकर्ज. सेंट क्लेअरवरची कुटुंबं युक्लिडला सरकली ती या पैशावर. त्याच वस्तीत वाढलेला, स्थलांतरित आईबापांचा मुलगा फ्रँक लाउशे क्लीव्हलंडचा महापौर झाला, १९४५ मध्ये ओहायोचा गव्हर्नर आणि पुढे सिनेटर.

हे सगळं सुरळीत झालं असंही नाही. २० ऑक्टोबर १९४४ ला याच वस्तीतल्या गॅसच्या टाकीतून गळती झाली आणि आगीत १३० माणसं गेली. घरंच्या घरं जळाली. बँकेवर विश्वास नसलेल्यांनी घरात ठेवलेली आयुष्यभराची पुंजी राख झाली. ‘पणतवंडांचं सुख’ हा शब्दप्रयोग करण्याआधी एवढं तरी वाचायला हवं होतं.

युगांडन माणसाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तो शिकून येतो. १९९० च्या कायद्याने सुरू झालेल्या व्हिसा लॉटरीतही किमान बारावीपर्यंतचं शिक्षण किंवा दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. कार्निओलातल्या शेतकऱ्याला असं कुणी काही विचारलं नव्हतं. म्हणजे पदवी घेऊन आलेला माणूस पडतो वृद्धसेवेत, आणि तिथला पगार ठरतो कुठे? वृद्धाश्रमातल्या बहुतेक म्हाताऱ्यांचं बिल सरकारची मेडिकेड ही गरिबांसाठीची आरोग्य योजना भरते. राज्य सरकार दर ठरवतं, मालक त्या दराकडे बोट दाखवतो. पोलादाचा भाव वाढला की युनियन वाटा मागू शकत होती. कूस बदलण्याचा भाव विधिमंडळ वाढवेल तेव्हा वाढणार. वर त्या पगारातून दर टर्मला कंपालाला फी. युगांडात परदेशातून वर्षाला एक अब्ज डॉलरहून जास्त पैसा येतो. तो जिथून निघतो तिथे घराच्या डाउन पेमेंटसाठी काय उरणार?

तक्त्यात दोन गट शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसतं का? सांगा ना. ‘तुलनाच करू नका’ म्हणणं सोपं असतं, त्याला काही वाचावं लागत नाही.

आता बाकीचे आक्षेप, भराभर.

‘सरासरी फसवी असते.’ मी सरासरी वापरलेलीच नाही, मध्यक वापरला आहे, म्हणजे सगळ्यांना चढत्या क्रमाने लावलं की मधोमध येणारा आकडा. तक्त्याच्या शीर्षकात लिहिलंय.

‘युगांडन म्हणजे नक्की कोण, आफ्रिकन की १९७२ मध्ये हाकललेले गुजराती?’ युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने ऑगस्ट १९७२ मध्ये आशियाईंना देश सोडायला नव्वद दिवसांची मुदत दिली हे मलाही माहीत आहे. त्यांतले सत्तावीस हजारांच्या वर ब्रिटनला गेले, काही हजार कॅनडाला. ब्रिटनमधल्या लेस्टरच्या नगरपालिकेने तर ‘इकडे येऊ नका’ अशी जाहिरात युगांडाच्या वृत्तपत्रात दिली होती. त्यांत एंटेबे-कंपालाच्या सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करणारे आपले गोंयकारही होते, आणि त्यांच्यावर मराठीत फारसं कुणी लिहिलं नाही याची खंत मला आपल्यापेक्षा जास्त आहे. पण माझा लेख अमेरिकेबद्दल होता. युगांडात जन्मलेल्यांच्या आकड्यात त्यांतले काही मिसळले असतील. असतील. तेवढ्यावरून लेख कोसळत नाही.

‘घरात कमावते किती, माणसं किती, वय काय?’ चांगले प्रश्न आहेत, दुसऱ्या लेखाचे आहेत. प्रत्येक लेखात सगळं कोंबत बसले तर तुम्हीच म्हणाल फार लांबलं.

‘१९४५ नंतर निर्वासित छावण्यांतून आलेले स्लोव्हेनियन शिकलेले होते, त्यांचं काय?’ होते. थोडे होते. पुढे चला.

‘तक्त्याखाली पाहणीचं वर्ष दिलेलं नाही.’ हे मात्र मान्य. आपल्या प्रतिक्रियेतली ही एक ओळ खरोखर उपयोगाची होती, त्याबद्दल आभार. वर्ष टाकलं आहे, आणि एका वर्षाचा नव्हे तर पाच वर्षांचा एकत्रित आकडा आहे हेही लिहिलं आहे.

शेवटी आपण फर्मावलंत, ‘लेख मागे घ्या.’ नाही घेणार. आपली प्रतिक्रियाही काढणार नाही. वाचणारे दोन्ही वाचतील. मात्र यापुढे लिहायचं तर स्वतःच्या नावाने लिहा. मी माझ्या नावाने लिहिते.