जळाला म्हणे रेडिओ!
गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत फायबर अजून पोहोचलेला नाही, म्हणून घरामागच्या टेकाडावर खांब रोवून त्यावर इंटरनेटचा रेडिओ (बिनतारी सिग्नल पकडणारे उपकरण) बसवला आहे आणि तिथून माजघरातल्या राउटरपर्यंत ६५ मीटर केबल ओढली आहे. याच केबलमधून डेटा खाली येतो आणि इंजेक्टरमधून (केबलमध्ये वीज सोडणाऱ्या डबीतून) २४ व्होल्टची वीज वर जाते. जूनमध्ये पावसाने जोर धरल्यापासून मात्र संध्याकाळी घरातली मंडळी मोबाइल घेऊन बसली की रेडिओ आपोआप बंद पडायचा, दोन मिनिटांनी उठायचा आणि पुन्हा बंद पडायचा.

महिन्याभरात कंपनीचा तंत्रज्ञ तीनदा येऊन गेला. पहिल्या खेपेला त्याने इंजेक्टर बंद करून चालू केला (हे मी त्याआधी पन्नास वेळा केले होते) आणि जाताना इंजेक्टरच्या दोन्ही वायरी उलट खोचल्या; रेडिओची वीज थेट राउटरच्या पोर्टात शिरली. तो पोर्ट वाचला हे माझे नशीब.

दुसऱ्या खेपेला त्याने खांबावर चढून कनेक्टर काढला, मोकळ्या टोकाला मल्टिमीटर लावला, २४ व्होल्ट दिसताच मान डोलावली आणि ‘वीज पूर्ण येते आहे, म्हणजे रेडिओच जळाला’ असा निकाल देऊन साडेचार हजारांचा नवा रेडिओ घ्यायला सांगितले. अहो, मोकळ्या टोकाला २४ व्होल्ट दिसणारच! तारेत विजेची घट होते ती प्रवाह वाहू लागल्यावर; रेडिओ काढून ठेवला तर प्रवाह कुठला आणि घट कुठली? संध्याकाळी घरातला वापर वाढला की रेडिओ जास्त वीज मागतो आणि नेमका तेव्हाच बंद पडतो, एवढ्यावरूनच तारेचा संशय यायला हवा होता.

तिसऱ्या खेपेला हा गृहस्थ सीसीटीव्हीचा पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा) घेऊन आला, त्यावर रेडिओ लागला नाही, आणि जळाल्याचा पुरावा मिळाला म्हणून त्याचा चेहरा खुलला. तो स्विच ८०२.३एएफ मानकाचा. पलीकडच्या उपकरणात सुमारे २५ किलोओहमचा ठरावीक रोध आढळल्याशिवाय तो वीज सोडतच नाही, आणि आमचा साधा २४ व्होल्टचा रेडिओ असली कुठलीही खूण देत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

शेवटी रविवारी मीच शिडी लावली. रेडिओ चालू ठेवून, कनेक्टरजवळ वायरी जराशा सोलून मोजले, तर २४ ऐवजी जेमतेम १७ व्होल्ट. कनेक्टर कापला तेव्हा केबलमधल्या आठ तारांपैकी आठव्या तारेवर पांढरी भुकटी साचलेली होती. केबलला खाली वळसा न देता ती वरून सरळ कनेक्टरमध्ये आणल्यामुळे पावसाचे पाणी ओघळून आत जात होते. वीज परत आणणाऱ्या सातव्या आणि आठव्या तारेपैकी एक अशी मेली आणि सगळा भार दुसरीवर पडला. त्यातून, ज्या केबलवर ‘कॅट ६’ (नेटवर्क केबलचा एक दर्जा) असे ठळक छापले आहे, तिची तार चाकूने खरवडल्यावर आतून चक्क रुपेरी निघाली! म्हणजे वरून तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम. त्याचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट. बसवताना दर मात्र शुद्ध तांब्याचा लावला होता, ती पावती माझ्याकडे आहे.

चिपळूणहून अस्सल तांब्याची केबल आणून, खाली वळसा देऊन, नवे कनेक्टर क्रिंप केले (पकडीने दाबून बसवले). भार असताना आता २२ व्होल्टच्या वर मिळतात, आणि तो ‘जळालेला’ रेडिओ गेले एकोणीस दिवस भर पावसात एकदाही बंद पडलेला नाही. तीन भेटींचे बाराशे रुपये या महिन्याच्या बिलात लावले आहेत. ते मी भरणार नाही.